बॅटरीचा डवरा : पाटीवरचा आकडा आणि अडल्या वेळचा आकडा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या विषयांत कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे आणि सगळ्यात शेवटी 'बॅटरीचा डवरा' आहे. तो शेवटचा विषय वाचून काही जण हसले. हसू द्या. पण बैलजोडी दावणीला बांधून वर्षभर पोसणे आज किती जणांना परवडते, ते प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. जोडी भाड्याने मिळते, पण आपली पाळी येईपर्यंत वाफसा निघून जातो. निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी झेपत नाही. कापसाला पेरणीपासूनचे पहिले दीड-दोन महिने आणि ज्वारीला पहिला महिना-सव्वा महिना तणापासून सांभाळला नाही, तर पुढे कितीही खत टाका, ते तणाच्या पोटात जाते. वऱ्हाडात डवरणी म्हणा, मराठवाड्यात कोळपणी म्हणा, ती वेळेवर झाली पाहिजे.

म्हणून काही गावांत पोरांनी स्वतःच डोके चालवायला सुरुवात केली आहे. जुन्या गाडीचे चाक, चेन, ४८ व्होल्टची बॅटरी, एक हजार वॅटची डी.सी. मोटर आणि पुढे डवऱ्याची पास. एक हजार वॅट म्हणजे सव्वा एच.पी.हून थोडे जास्त. कागदावर हिशेब बरोबर जमतो. अंगणात चाक गरगर फिरते. शेतात चार तासे जातात, पाचव्या तासाला फट् आवाज येतो, धूर निघतो आणि बोर्ड जळतो. मग गाव म्हणते, "बॅटरीचे काही खरे नाही, आपला बैलच बरा." पोरगा गप्प बसतो. त्याचे पैसे गेले आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची उमेद गेली.

मी कृषीचा पदवीधर, विजेचा इंजिनिअर नव्हे. पण या जळालेल्या बोर्डांमागचे कारण समजून घ्यायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. कारण एकच आहे, ते आधी सांगतो आणि मग एकेका भागाकडे वळतो.

बियाण्याच्या पिशवीवर उत्पन्नाचा आकडा छापलेला असतो. तो खोटा नसतो. भारी जमीन, वेळेवर पाणी, सगळे खत, सगळ्या फवारण्या असतील तेव्हाचा तो आकडा. कोरडवाहूवाला तो आकडा धरून कर्ज काढत नाही. तो विचारतो, पावसाने एकवीस दिवस दडी मारली तर हे वाण किती देईल? यंत्राच्या भागांचेही असेच आहे. पाटीवरचा आकडा सुखाच्या दिवसाचा असतो. भाग निवडायचा तो अडल्या वेळच्या आकड्यावर.

अडल्या वेळी करंट किती?

आपल्या मोटरच्या पाटीवर ४८ व्होल्ट, १००० वॅट, २७ अँपिअरच्या आसपास असे लिहिलेले असते. मोटर ठरलेल्या वेगाने फिरत असतानाचा हा करंट. फिरणारी मोटर स्वतःच उलट दाब तयार करते आणि करंटला आवरते. पण पास पऱ्हाटीच्या जुन्या खुंटात अडकली, चाक थांबले, की तो उलट दाब शून्य. मग करंटला आडवा येतो तो फक्त तारेचा अवरोध, आणि तो फार थोडा असतो.

किती थोडा, हे घरी मोजता येते. साध्या मीटरवर एक ओहमच्या खालचे मोजमाप नीट येत नाही, म्हणून ही युक्ती करा. १२ व्होल्टची बॅटरी घ्या, गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॅटचा बल्ब घ्या आणि बल्ब व मोटर एकापुढे एक जोडा. बल्बमुळे करंट पाच अँपिअरच्या आतबाहेर राहतो. चेन काढून ठेवा, मोटरचा दांडा फिरू देऊ नका आणि मोटरच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. दांडा थोडा थोडा वळवून तीन ठिकाणी मोजा, सगळ्यांत कमी आकडा धरा. समजा एक व्होल्ट आला. एक भागिले पाच, म्हणजे मोटरचा अवरोध ०.२ ओहम. बॅटरी आणि वायरींचे ०.०५ धरा. एकूण पाव ओहम.

आता ४८ भागिले ०.२५ करा. १९२ अँपिअर!

पाटीवर २७, अडल्यावर १९२. सात पट. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सात पट करंट म्हणजे सुमारे पन्नास पट उष्णता. '५० अँपिअरचा बोर्ड, २७ अँपिअरची मोटर, भरपूर झाले' असा हिशेब करणाऱ्याचा बोर्ड पाचव्या तासाला का जळतो, याचे उत्तर इथे आहे.

पहिला भाग : करंटला लगाम

मग १९२ अँपिअरचे सगळे भाग घ्यायचे का? नाही. तेवढे महाग भाग घेतले तर बोर्ड वाचेल आणि मोटर जळेल. करंटला लगाम घालणारा भाग आधी निवडायचा. मोटरच्या वायरीत शंट किंवा हॉल सेन्सर बसवायचा. तो करंट मोजतो, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडताच नियंत्रक डोळ्याचे पाते लवायच्या आत करंट आवरतो. बाजारात १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट सहज मिळतो.

आपल्या उदाहरणात मर्यादा ६० अँपिअर ठेवू. डी.सी. मोटरचा जोर करंटच्या प्रमाणात असतो. ६० म्हणजे पाटीच्या दुपटीहून जास्त जोर. बहुतेक ठिकाणी पास निघून जाईल. पण ६० अँपिअरला ०.२ ओहमच्या मोटरच्या पोटात ७२० वॅट उष्णता तयार होते, हे विसरू नका. म्हणून हा जोर काही सेकंदांपुरताच. त्यानंतर नियंत्रकाने आपोआप ३० अँपिअरवर उतरले पाहिजे. विकत घेताना हाच प्रश्न विचारा : "करंटची मर्यादा आहे का? ती मोटरच्या करंटची की बॅटरीच्या करंटची?"

हा फरक मुद्दाम सांगतो. नियंत्रक सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून वेग कमी करतो. चौथाई वेळ चालू असेल तर मोटरमधून ६० अँपिअर वाहताना बॅटरीतून सरासरी १५ अँपिअरच निघतो. बॅटरीजवळ लावलेला मीटर १५ दाखवतो, आपण निर्धास्त राहतो आणि तिकडे मोटर भाजत असते. मीटर मोटरच्या वायरीत लावा.

दुसरा भाग : मॉस्फेट

बोर्डावर तीन पायांचे काळे तुकडे दिसतात, ते मॉस्फेट. पाटावरच्या दारासारखे त्यांचे काम. एका पायाला, म्हणजे गेटला, इशारा दिला की दार उघडते. ते निवडताना चार गोष्टी बघा.

एक, व्होल्ट. बॅटरी ४८ व्होल्टची म्हणतो, पण सोळा सेलची लोह-फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरल्यावर ५८ व्होल्टच्या वर जाते. शिवाय दार बंद होताना करंटचा धक्का बसतो तो वेगळा. ५५ किंवा ६० व्होल्टचा मॉस्फेट २४ व्होल्टच्या यंत्राला चालेल. ४८ ला १०० व्होल्टचाच घ्या.

दोन, करंट. आयआरएफबी ४११० हा मॉस्फेट बाजारात सगळीकडे मिळतो. त्याच्या माहितीपत्रकावर १८० अँपिअर लिहिले आहे. त्याच पानावर पुढे लिहिले आहे की बाहेरच्या पायांची मर्यादा १२० आहे. आणि १८० चा आकडासुद्धा त्याचे अंग २५ अंशांवर राखले तरच. श्रावणातल्या उन्हात बंद डब्यात २५ अंश कोण राखणार? प्रत्यक्षात एका तुकड्यावर ३०-३५ अँपिअरच्या वर भार टाकू नका. साठला दोन लावा. गरम झाला की मॉस्फेटचा अवरोध वाढतो, त्यामुळे शेजारी-शेजारी लावलेले तुकडे ओझे आपसात वाटून घेतात, एका जुवाला दोन बैल असावेत तसे. मात्र प्रत्येकाच्या गेटला स्वतंत्र रेझिस्टर हवा.

तीन, अवरोध. या मॉस्फेटचा अवरोध थंड असताना जास्तीत जास्त ४.५ मिलिओहम, तापल्यावर जवळपास दुप्पट. ९ मिलिओहम धरा. ३० अँपिअरला ८ वॅट उष्णता झाली. ६० अँपिअर एकट्यावर पडले तर ३२ वॅट. म्हणून दोन घेणे स्वस्त पडते.

चार, गेटचा इशारा. दार पूर्ण उघडायला गेटवर १० ते १२ व्होल्ट लागतात. छोट्या कंट्रोलरचे ३.३ किंवा ५ व्होल्ट पुरत नाहीत. अर्धवट उघडलेल्या दारातून पाणी जसे खळखळते, तसा अर्धवट उघडलेला मॉस्फेट तापतो आणि मरतो. मध्ये गेट ड्रायव्हर नावाचा वेगळा आय.सी. लागतो. तो चार पैसे वाचवायला गाळला, तर बाकीचे सगळे पैसे जातात.

नकली मालाबद्दलही सांगतो. जुना तुकडा पुसून त्यावर नवा नंबर छापलेला माल बाजारात असतो. तोच हेडलाईटचा बल्ब इथे पुन्हा कामाला येतो. १२ व्होल्ट बॅटरी, बल्ब आणि मॉस्फेट एकापुढे एक जोडा, गेट रेझिस्टरमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. बल्ब लागेल. मॉस्फेटच्या दोन पायांवर थेट मिलिव्होल्ट मोजा. पाच अँपिअरला वीसच्या आसपास आले पाहिजेत. साठ-सत्तर आले तर तो तुकडा दुकानदाराला परत करा. शंभराचा माल घेताना आपण कापसाची मूठ उघडून बघणाऱ्या व्यापाऱ्यासारखे वागावे.

तिसरा भाग : परतीचा डायोड

पाइपलाइनमध्ये पाणी जोरात वाहत असताना व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर पाइप फुटतो. मोटरमधला करंटही असाच असतो, त्याला एकदम थांबवता येत नाही. दार बंद झाले की त्याला फिरून जायला वाट हवी. ती वाट म्हणजे डायोड. तो नसला किंवा उलटा बसला तर मॉस्फेट पहिल्याच क्षणी जातो.

डायोड बारीक चालतो असा समज आहे. तो मोडून काढा. ओल्या जमिनीत डवरा हळू चालतो, दार चौथाई वेळ उघडे असते, उरलेला पाऊण वेळ सगळा ६० अँपिअर डायोडमधून फिरतो. सरासरी ४५ अँपिअर. डायोडवर ०.७ व्होल्ट पडले तरी ३० वॅटच्या वर उष्णता झाली. त्या वेळी दोन्ही मॉस्फेट मिळून चार वॅट तापत असतात. म्हणजे जड जमिनीत खरा बैल डायोड आहे. तो १०० व्होल्टचा आणि मोटरच्या पूर्ण करंटचा घ्या, हीट सिंकवर बसवा. डायोडच्या जागी मॉस्फेटच वापरणारे बोर्ड मिळतात, ते आणखी चांगले.

बाकीचे सोबती

कपॅसिटर : मॉस्फेटच्या अगदी जवळ, १०० व्होल्टचा, १०५ अंशांचा घ्या. ६३ व्होल्टचा स्वस्त पडतो, पण ५८ व्होल्टच्या बॅटरीवर तो काठावर असतो. त्याचे अंग दहा अंशांनी थंड राहिले तर आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून तो हीट सिंकला चिकटवू नका.

हीट सिंक : हीट सिंक नसेल तर या मॉस्फेटचे तापमान दर वॅटमागे सुमारे ६२ अंशांनी चढते. बाहेर ४५ अंश आणि उष्णता दोन वॅट, की आतले तापमान १६९. त्याची मर्यादा १७५. म्हणजे हीट सिंकशिवाय दोन वॅटचीसुद्धा चैन नाही, आणि आपल्याला आठ वॅट घालवायचे आहेत. हीट सिंकच्या पात्या डब्याच्या बाहेर, उभ्या ठेवा. त्यांच्यावर चिखल बसू देऊ नका, सावलीला पत्रा लावा.

वायर : ४ चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर वायरीत ६० अँपिअरला ३६ वॅट वाया जातात. १० चौरस मिलिमीटरची घ्या, ते १४ वर येतात. टोकांना लग दाबून बसवा. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड शेतातल्या हादऱ्यांनी सैल होतो आणि तिथेच आग लागते.

फ्यूज : फ्यूज मॉस्फेटला वाचवत नाही, मॉस्फेट त्याच्या आधी जातो. फ्यूज वायरीला, बॅटरीला आणि माणसाला वाचवतो. तो बॅटरीच्या तोंडाशी हवा आणि डी.सी.चा हवा. घरातल्या ए.सी. विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डी.सी.ची ठिणगी विझत नाही. मोटारगाडीतला साधा पातीचा फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचा असतो, ४८ ला तो चालत नाही.

माणसाचा जीव

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मॉस्फेट जळतो तेव्हा बहुधा उघडा पडत नाही, आतून चिकटतो. म्हणजे दार कायमचे उघडे! मुठीतला थ्रॉटल सोडला तरी मोटर पूर्ण वेगाने पळते. पुढे पास आहे, तासात पोरगा आहे, बांधावर आई बसली आहे. म्हणून बोर्ड कितीही चांगला असो, बॅटरी तोडणारा डी.सी. कॉन्टॅक्टर वेगळा पाहिजे, आणि त्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली पाहिजे. हात सुटला की वीज तुटली. थ्रॉटलची तार तुटली तर मोटर थांबते की पळते, हे चाक अधांतरी ठेवून तपासल्याशिवाय यंत्र शेतात नेऊ नका. हा भाग ज्या यंत्रात नाही, ते फुकट मिळाले तरी गावात येऊ देऊ नका.

आणखी एक काटकसर. मोटर उलटी फिरवायला चार दारांचा पूल लागतो. त्यातली एका बाजूची दोन दारे चुकून एकाच वेळी उघडली की बॅटरी सरळ शॉर्ट. डवऱ्याला मागे चालायचे कारणच काय? बैल मागे चालतो का? धुऱ्यावर आपण उचलून वळवतो. एकाच दिशेचा साधा बोर्ड घ्या. निम्मे भाग, निम्मी कटकट.

शेतकीची बाजू

भागांबद्दल इतके बोललो, पण सगळ्यांत स्वस्त भाग आपल्या हातात आहे, तो म्हणजे वाफसा. चिखलात पास घातली की ओढ वाढते, ओढ वाढली की करंट वाढतो, करंट वाढला की उष्णता वर्गाने वाढते. वाफशावर, तण दोन पानांचे असताना, पास उथळ ठेवून डवरणी केली तर बैलालाही सोपे आणि मोटरलाही. मोटरच्या वायरीतला मीटर सारखा ४० च्या वर राहत असेल तर तो सांगतो आहे की आज जमीन तयार नाही, किंवा पास खोल आहे, किंवा चेनचे गुणोत्तर चुकले आहे. मागचे दातेरी चक्र मोठे घ्या. वेग कमी होईल, जोर वाढेल, करंट उतरेल.

ज्यांना बॅटरीचा डवरा नको, त्यांनाही हा नियम विहिरीवर उपयोगी पडतो. पाच एच.पी.ची मोटर चालताना साडेसात अँपिअर घेते, पण डी.ओ.एल. स्टार्टरवर चालू होताना सहा-सात पट घेते. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरवर २५ अँपिअर लिहिलेले बघून आपण खूश होतो. तो आकडा बहुतेक वेळा एसी-१ चा, म्हणजे शेगडीसारख्या सरळ भाराचा असतो. मोटरसाठी एसी-३ चा आकडा बघायचा, आणि तोच कॉन्टॅक्टर एसी-३ मध्ये ९ अँपिअरचाच निघू शकतो. दोन्ही आकडे खरे आहेत. आपल्या कामाचा कोणता, हे विचारणे आपले काम.

भावांनो, आपल्याला अडाणी ठेवून माल विकणे सोपे असते, म्हणून दुकानात मोठा आकडा पुढे करतात. त्यावर उपाय रागावणे नव्हे, प्रश्न विचारणे. एकट्याने बोर्ड घेऊन जाळण्यापेक्षा चार-पाच गावांच्या पोरांनी एक बल्ब, एक मीटर आणि एक शंट यांवर एकत्र बसावे. प्रत्येकाने आपल्या मोटरचा अवरोध मोजावा, अडल्या वेळचा करंट वहीत लिहावा, भाग एकदम घ्यावेत आणि पहिला डवरा सगळ्यांनी मिळून एकाच शेतात चालवावा. काय जळले, किती करंटला जळले, हेही त्याच वहीत लिहावे. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. बियाणे निवडताना आपण जितके चिकित्सक असतो, तितकेच चिकित्सक या काळ्या तुकड्यांच्या बाबतीत झालो, तर पेरणीनंतरच्या पहिल्या वाफशावर डवरा आपला असेल आणि पाळी कोणाची बघावी लागणार नाही.